विश्लेषण : लग्नाआधी नवरीचे स्वतंत्र फोटो काढावेत का?

तुळशीचे लग्न लागले की मुहूर्तांची यादी हातात येते. हॉल, केटरर, गुरुजी यांच्यापाठोपाठ फोटोग्राफरला फोन जातो. त्याच्या पॅकेजच्या कागदावर हल्ली प्री-वेडिंग शूटच्या खाली आणखी एक ओळ दिसते : 'ब्रायडल पोर्ट्रेट, स्वतंत्र दिवस'. इथे घरात तीन मते पडतात. हा आणखी एक खर्च कशाला, असे वडिलांना वाटते. लग्नाचा शालू आधी नेसायचा हे आईला पटत नाही. मुलीला मात्र ताईच्या लग्नाचा अल्बम आठवतो. त्यात आहेराच्या रांगेतले शेकडो फोटो आहेत, पण नवरीचा एकटीचा, शांत चेहऱ्याचा फोटो शोधूनही सापडत नाही. हे फोटो आधी काढावेत का, काढायचे तर कधी आणि कोणत्या अटींवर, याचा हा आढावा.

ब्रायडल पोर्ट्रेट म्हणजे नेमके काय?

प्री-वेडिंग शूट दोघांचे असते. त्यात स्थळ, पोशाख, गाणे आणि व्हिडिओ यांना महत्त्व असते. ब्रायडल पोर्ट्रेट एकट्या नवरीचे असते. नऊवारी किंवा पैठणी, नथ, अंबाडा, गजरा अशा वेशात, घाई नसताना काढलेले दहा-पंधरा निवडक फोटो एवढेच त्याचे स्वरूप. त्यासाठी दीड-दोन तास पुरतात. ड्रोन लागत नाही, धूर सोडणारी कांडी लागत नाही आणि दुसऱ्या शहरात जाण्याचीही गरज नसते. काही समाज संघटनांनी अलीकडे प्री-वेडिंग शूटविरोधात ठराव केले. त्यांचा आक्षेप लग्नाआधी जोडप्याने एकत्र केलेल्या चित्रीकरणाला आणि ते हॉलमध्ये पडद्यावर दाखवण्याला आहे. एकट्या नवरीचे फोटो त्यात मोडत नाहीत. तरीही घरात दोन्ही गोष्टींची गल्लत होते आणि वाद तिथूनच सुरू होतो. म्हणून आपण नेमके काय मागतो आहोत हे आधी सांगितलेले बरे.

ही पद्धत आली कुठून?

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत ही जुनी प्रथा आहे. लग्नाच्या काही आठवडे आधी नवरी पूर्ण वेशात फोटो काढून घेते. तो नवऱ्या मुलाला दाखवला जात नाही. लग्नाच्या दिवशी स्वागत समारंभात मोठी चौकट करून तो दाराशी ठेवतात. नवरीचे एकटीचे चित्र ही कल्पना त्याहून जुनी आहे. ब्रिटनच्या राणी व्हिक्टोरियाचे लग्न १० फेब्रुवारी १८४० रोजी झाले. कॅमेऱ्याचा शोध जाहीर होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते, त्यामुळे त्या लग्नाचा एकही फोटो नाही. पुढे १८४७ मध्ये तिने विंटरहाल्टर या चित्रकाराकडून लग्नाच्या वेशातले आपले चित्र करून घेतले आणि लग्नाच्या वाढदिवसाला पतीला भेट दिले. म्हणजे लग्नाचा वेश पुन्हा अंगावर घालून, सवडीने चित्र करून घेणे हे काही आजचे फॅड नाही.

आपल्याकडेही मुलीचा एकटीचा फोटो नवा नाही. फक्त त्याचे कारण वेगळे होते. 'दाखवायचा फोटो' काढायला मुलीला स्टुडिओत नेले जाई. मागे रंगवलेला पडदा, शेजारी फुलदाणी, खांद्यावरून पुढे घेतलेली वेणी. तो फोटो स्थळांकडे पाठवायचा असे. कसा काढायचा, कोणाला द्यायचा हे घरातली मोठी माणसे ठरवत आणि नकार आला की तो परत येई. अनेक आज्यांच्या तरुणपणीचा तो एकमेव एकटीचा फोटो आहे. आजची नवरी स्वतःसाठी फोटो मागते, तेव्हा त्या मागणीकडे नुसती हौस म्हणून पाहणे पुरेसे नाही.

लग्नाच्या दिवशी वेळ का मिळत नाही?

एक साधे वेळापत्रक मांडून पाहा. मुहूर्त दुपारी १२.१५ चा आहे. सकाळी हळद आणि आंघोळ आटोपेपर्यंत ८.१५ होतात. केस, मेकअप आणि साडी यांना किमान सव्वादोन तास धरले तर १०.३० वाजतात. मग गौरीहरपूजन. ते ११.१५ ला संपले तर मुहूर्तापर्यंत एक तास उरतो. पण त्याच तासात मामा, आत्या, मैत्रिणी खोलीत येतात. गजरा पुन्हा माळला जातो, एखादी वस्तू सापडत नाही, 'मुलीला आणा' असा गुरुजींचा पुकारा होतो. फोटोग्राफरच्या वाट्याला दहा मिनिटे येतात आणि तीही खोलीत सात-आठ माणसे असताना.

मुहूर्तानंतर परिस्थिती आणखी अवघड होते. कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी यांत होमाच्या धुराने डोळे लाल होतात आणि मेकअप उतरतो. नंतर साडी बदलून स्वागत समारंभ. तिथे प्रत्येक फोटोत शेजारी पाहुणे असतात. गोरज मुहूर्त असेल तर दुपार मोकळी मिळते, पण सूर्यप्रकाश संपत आलेला असतो. हॉलमधले दिवे हा वेगळा प्रश्न आहे. पिवळे बल्ब, पांढऱ्या ट्यूब आणि रंगीत एलईडी एकत्र असले की चेहऱ्याचा रंग एका बाजूला पिवळा आणि दुसऱ्या बाजूला निळसर येतो. नंतर संगणकावर कितीही दुरुस्ती केली तरी तो पूर्ण सुधारत नाही.

शालू, चुडा, मुंडावळ्या आधी घालायच्या का?

परदेशातली पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी बसत नाही, ती इथे. तिकडे लग्नाचा पोशाख नवरीचाच असतो आणि तो महिनाभर आधी कपाटात असतो. आपल्याकडे अनेक घरांत गौरीहराची पिवळी अष्टपुत्री मामाकडून येते आणि शालू सासरकडून. तो आधी नेसणे म्हणजे दुसऱ्या घराने द्यायची वस्तू परस्पर वापरण्यासारखे वाटू शकते. हिरवा चुडा साधारणपणे लग्नाच्या एक-दोन दिवस आधी भरला जातो. मुंडावळ्या विधीच्या वेळी बांधतात. मंगळसूत्र आणि जोडवी तर लग्नानंतरचीच.

यातले काय आधी चालेल हे घरागणिक बदलते. त्यामुळे शूटच्या सकाळी वाद घालण्यापेक्षा आई, आजी आणि होणाऱ्या सासूबाईंना आधीच विचारावे. 'आम्ही फोटो काढतोय' असे कळवण्यापेक्षा 'तुमच्याकडे शालू आधी नेसलेला चालतो का?' असे विचारले तर उत्तर बहुधा मोकळेपणाने मिळते. नाही म्हटले तरी वाट बंद होत नाही. स्वतःची नऊवारी, आईची जुनी पैठणी किंवा केळवणात मिळालेली साडी, त्यावर नथ, ठुशी, तन्मणी, बुगडी आणि चंद्रकोर एवढ्यावर उत्तम पोर्ट्रेट होते. मुंडावळ्या आणि मंगळसूत्र नसल्याने फोटो अपुरा वाटत नाही. तो लग्नाआधीच्या मुलीचा फोटो आहे, हेच त्याचे वेगळेपण ठरते.

एक काळजी मात्र घ्यावी. बाहेर, गर्दीच्या ठिकाणी शूट असेल तर खरे दागिने लॉकरमधून काढू नयेत. फोटोत खरी ठुशी आणि चांगली नकली ठुशी यांत फरक कळत नाही. नाक टोचलेले नसेल तर चापाची नथ मिळते.

कोणते पर्याय आहेत?

*१५ ते ३० दिवस आधी, वेगळा दिवस :* भरपूर वेळ आणि शांतता मिळते. मुहूर्त नसलेला, आठवड्यातला मधला दिवस निवडला तर फोटोग्राफर सहज उपलब्ध असतो आणि दरात घासाघीस करायला जागा असते. मात्र मेंदी आणि चुडा नसतो आणि मेकअपचा खर्च दुसऱ्यांदा होतो.

*आदल्या दिवशी, सीमांतपूजनाआधी :* हातावर मेंदी आणि चुडा असतो. फोटोग्राफर, मेकअप करणारी आणि घरचे सगळे हॉलवर असतात, त्यामुळे वेगळा प्रवास नाही. ४ ते ५.३० हा वेळ राखून ठेवला तर बहुतेक घरांना हा पर्याय सर्वांत सोयीचा आणि कमी खर्चाचा पडतो. पण पाहुणे त्याच वेळी येत असतात, म्हणून दार सांभाळायला एक खमकी मावशी हवी.

*लग्नाच्या सकाळी राखीव ३० मिनिटे :* यात वेगळा खर्च नाही. त्यासाठी मेकअप अर्धा तास आधी सुरू करावा लागतो आणि ही अर्धी तास कोणी खाणार नाही याची जबाबदारी एका व्यक्तीवर द्यावी लागते. गौरीहराशी बसलेल्या नवरीचे फोटो याच वेळात मिळतात. विधी असल्यामुळे तिथे तिला कोणी हाका मारत नाही.

*लग्नानंतर आठवड्याभरात :* शालू, मंगळसूत्र, चुडा, उरलेली मेंदी हे सगळे असते आणि परंपरेचा प्रश्नच येत नाही. ज्या घरात आधी नको म्हणतात, तिथे हा उत्तम तोडगा आहे. अडचण एवढीच की पूजा, देवदर्शन, फिरायला जाणे आणि नोकरीवर परतणे यांत तो दिवस राहून जातो. तारीख आधीच ठरवली असेल तरच हा पर्याय धरावा.

मेंदी, मेकअप, प्रकाश यांचे गणित काय?

मेंदीचा रंग काढल्यानंतर साधारण २४ ते ४८ तासांत पूर्ण चढतो आणि पुढे आठवडा-दोन आठवड्यांत फिकट होत जातो. शूटसाठी वेगळी मेंदी काढायची असेल तर लग्नापर्यंत किमान तीन आठवडे हवेत, नाहीतर जुन्या नक्षीच्या खुणांवर नवी मेंदी काढावी लागते. पटकन काळाभोर रंग देणारी 'काळी मेंदी' टाळावी. तिच्यात मिसळलेल्या रसायनाने काहींच्या हातावर फोड येतात.

मेकअपची चाचणी बहुतेक नवऱ्या करतातच आणि तिचे पैसेही देतात. पोर्ट्रेट त्याच दिवशी ठेवले तर एका खर्चात दोन कामे होतात. शिवाय नथ किती खेचते, अंबाड्याचे वजन पेलते का, नऊवारीत बसता-उठता येते का, फाउंडेशनचा रंग मानेशी जुळतो का, हे लग्नाआधी कळते. नवे प्रसाधन पहिल्यांदा वापरायचे असेल तर दोन दिवस आधी कानामागे थोडे लावून पाहावे. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेल्या सनस्क्रीनवर फ्लॅश पडला की चेहरा पांढुरका दिसू शकतो. शूटच्या दिवशी मोबाइलच्या फ्लॅशने एक फोटो काढून हे तपासता येते.

प्रकाशासाठी सकाळी लवकरची किंवा सूर्यास्ताआधीची वेळ उत्तम. भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांखाली काळी सावली पडते. बाहेर जायचे नसेल तर घरातली थेट ऊन न येणारी मोठी खिडकी पुरेशी आहे. आजीच्या घरचा झोपाळा, देवघर, वाड्याची ओसरी यांना भाडे लागत नाही आणि वीस वर्षांनी त्या जागांचेच मोल अधिक वाटते. किल्ला, लेणी, मंदिर किंवा सार्वजनिक बाग निवडली असेल तर ट्रायपॉड आणि व्यावसायिक छायाचित्रणाची परवानगी आधी विचारून घ्यावी. 'तिथे सगळेच काढतात' हे उत्तर गेटवरच्या रखवालदाराला चालत नाही.

खर्च कसा मोजावा?

दर शहर, हंगाम आणि फोटोग्राफरच्या नावानुसार बदलतात. म्हणून एका आकड्यावर अडू नये, सगळे घटक कागदावर लिहावेत : फोटोग्राफर, मेकअप आणि केस, साडी नेसवणे, फुले, दागिन्यांचे भाडे, जागेचे भाडे, प्रवास आणि शेवटी छपाई. बहुतेक वेळा फोटोग्राफरपेक्षा बाकीच्या गोष्टीच बेरीज वाढवतात. पॅकेजमधला दर जीएसटी धरून आहे की वगळून, हेही विचारावे.

मग एक प्रश्न : या पैशात दुसरे काय कमी करता येईल? प्री-वेडिंग व्हिडिओ, दुसरा ड्रोन, जाडजूड अल्बमचा दुसरा संच यांतले एक वगळले तर पोर्ट्रेटचा खर्च अनेकदा त्यातच भागतो. पैसे कोण देणार हेही स्पष्ट असावे. नवरीशी संबंधित म्हणून तो आपोआप मुलीच्या वडिलांच्या खात्यावर पडणे योग्य नाही. मिळवती मुलगी तो स्वतः करू शकते किंवा दोन्ही घरे फोटोग्राफीचा एकूण खर्च निम्मा-निम्मा वाटून घेऊ शकतात. त्याच शूटमध्ये नवऱ्या मुलाचेही चार फोटो काढता येतात. फेटा बांधलेला त्याचा एकट्याचा धड फोटोही लग्नाच्या अल्बममध्ये क्वचितच असतो.

या फोटोंवर हक्क कोणाचा?

अनेकांना वाटते, ज्याने फोटो काढला त्याचाच हक्क. भारतीय कायदा इथे ग्राहकाच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, एखाद्याच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन फोटो काढला असेल, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक तो फोटो काढून घेणारा असतो. यातला 'वेगळा करार नसल्यास' हा भाग महत्त्वाचा. पॅकेजच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत 'सर्व छायाचित्रांचे हक्क स्टुडिओकडे राहतील' असे लिहिलेले असते आणि आपण पुढच्या पानावर सही करतो. मग नवरीचा चेहरा स्टुडिओच्या इन्स्टाग्रामवर, फलकावर, कधी मेकअपच्या जाहिरातीत दिसू लागतो. ज्यांना हे चालते त्यांनी सूट मागून घ्यावी. ज्यांना चालत नाही त्यांनी ती ओळ खोडून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

करारात काय असावे?

• शूटची तारीख, वेळ, ठिकाण आणि प्रत्यक्ष फोटो काढणाऱ्या व्यक्तीचे नाव. नामवंत स्टुडिओ बुक केला आणि आला शिकाऊ मुलगा, असे होऊ नये.
• दुरुस्त केलेले किती फोटो मिळणार आणि न निवडलेले मिळणार की नाही.
• फोटो किती दिवसांत मिळणार. पोर्ट्रेटची चौकट हॉलच्या दाराशी ठेवायची असेल तर लग्नाच्या किमान आठवडाभर आधीची तारीख लिहून घ्यावी.
• मूळ आकाराच्या फाइल. १२ बाय १८ इंची चांगल्या छपाईसाठी साधारण ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल आक्रसते, म्हणून पेनड्राइव्ह, ड्राइव्हची लिंक किंवा 'डॉक्युमेंट' स्वरूपात घ्यावी.
• चेहरा किती 'गोरा' आणि गुळगुळीत करायचा. त्वचेचा रंग बदलू नये, असे स्पष्ट लिहायला संकोच करू नये.
• पाऊस, आजारपण किंवा घरात दुःखद घटना घडल्यास तारीख बदलण्याची अट.
• पैसे टप्प्याटप्प्याने. शेवटचा हप्ता फाइल हातात आल्यावर.

पैसे घेऊन फोटो न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी ठरू शकते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक आयोगाकडे तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करायची असते. त्यासाठी पावती आणि चॅट जपून ठेवावेत.

'नको' कधी म्हणावे?

कर्ज काढून लग्न होत असेल तर हा खर्च निःसंकोच वगळावा. नवरीला स्वतःला कॅमेऱ्यासमोर अवघडल्यासारखे होत असेल, तर केवळ मैत्रिणींनी केले म्हणून करू नये. लग्न तीन आठवड्यांवर आले आहे, रजा संपली आहे आणि झोप पुरत नाही, अशा वेळी आणखी एक दिवस मेकअपच्या खुर्चीत घालवण्यापेक्षा तो आईसोबत घालवलेला चांगला. आणि 'शूटपर्यंत चार किलो कमी करायचेच' असा धाक मनात बसत असेल तर तो थांबण्याचा इशारा समजावा.

उलट, विशेष विवाह कायद्यानुसार नोंदणी पद्धतीने लग्न करणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा. तिथे ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार आणि सह्या एवढ्यात लग्न होते. कार्यालयातल्या टेबलाशी काढलेल्या दोन फोटोंपलीकडे हातात काही राहत नाही. अशा वेळी घरच्या घरी काढलेले पोर्ट्रेट हाच त्या लग्नाचा अल्बम ठरतो.

मग निर्णय कसा घ्यावा?

कागदावर तीन ओळी लिहाव्यात. हे फोटो कोणासाठी हवेत? लग्नाच्या दिवशी खरोखर किती मिनिटे मिळणार? आणि यासाठी दुसरे काय सोडायची तयारी आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'माझ्यासाठी' किंवा 'आजीसाठी' असेल आणि दुसऱ्याचे 'दहा मिनिटे' असेल, तर आदल्या दिवशीचा दीड तास राखून ठेवावा. उत्तर फक्त 'स्टेटससाठी' असेल, तर लग्नाच्या सकाळचा मोबाइल फोटोही पुरतो.

शूट ठरलेच तर शेवटची दहा मिनिटे आणखी एका कामासाठी ठेवावीत. नथ नीट करणारी आई, केसांत गजरा माळणारी आजी, दाराशी नुसते उभे असलेले वडील यांना त्याच प्रकाशात नवरीच्या शेजारी बोलवावे. लग्नाच्या दिवशी आई-वडील यजमान असतात आणि सगळ्या फोटोंत त्यांची नजर पंगतीकडे असते. आणि हे फोटो फोनमध्ये न ठेवता त्यांतला किमान एक छापून घ्यावा. फोन दोन-तीन वर्षांत बदलतो. आजीचा 'दाखवायचा फोटो' अजून ट्रंकेत सापडतो, तो कागदावर होता म्हणून.